तोफा निघणार नाहीत

"बाई, तुमची काठी माझ्या कानात चाललीय."

धुळे–जळगाव एस.टी. नुकतीच स्टँडबाहेर पडली होती. मी वळून पाहिलं. मागच्या सीटवर एक सावळा, कुरळ्या केसांचा तरुण कान धरून बसला होता आणि हसत होता. चूक माझीच होती, म्हणून मला जरा जास्तच राग आला.

"काठी नाही. डोलकाठी आहे."

"जहाजाची?"

"मग काय बैलगाडीची?"

"नाही... म्हणजे जळगावात जहाज! मेहरूणच्या तलावात सोडणार का?"

मी पुढे तोंड करून बसले. दोन डोलकाठ्या निघतील असा माणसाएवढा सरळसोट सागाचा दांडा शिरपूरच्या मामांकडून मिळवला होता, कंडक्टरने त्याचं वेगळं लगेज फाडलं होतं, आणि वर हा आगाऊपणा. आता पुढचा प्रश्न कोणता येणार तेही मला पाठ होतं. 'रुखवतासाठी करताय का?' शेजारच्या काकूंपासून कॉलेजच्या सरांपर्यंत सगळ्यांनी तोच विचारला होता. मुलीने हाताने काही केलं की ते तिच्या लग्नात टेबलावर मांडायचं आणि मग सासरच्या शोकेसमध्ये जायचं, हे जणू आभाळातूनच लिहून आलेलं.

"एक विचारू?" मागून आवाज आला.

"विचारा." मी दात आवळले.

"तोफा किती?"

मी पुन्हा वळले... या वेळी नीट.

पारोळा येईपर्यंत मी बोलत होते. गुराब म्हणजे मराठी आरमारातलं लढाऊ जहाज. कॉलेजच्या सहलीत कोकणातल्या एका किल्ल्यावर तिचं जुनं चित्र पाहिलं आणि माझी झोपच उडाली. बाकीच्या मुली शंखशिंपले घेऊन आल्या, मी ते चित्र उतरवून आणलं. पंचवीस फुटांना एक फूट या मापाने माझी गुराब चार फुटांची होणार होती. दोन्ही बाजूंना तोफांची रांग आणि नाकावरून पुढे मारा करणाऱ्या दोन मोठ्या.

"पुढे मारा करणाऱ्या? म्हणजे चालून जाणारं जहाज."

"हो."

"भांडखोर."

"हो!"

"वाटलंच मला."

"जहाज न बघताच?"

"जहाज कुठे बघतोय मी..." तो म्हणाला आणि एकदम खिडकीबाहेरच्या कपाशीकडे पाहायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. त्यातला एक कान तर माझ्या काठीमुळे झालाच असणार.

त्याचं नाव हिलाल; आमच्याकडे खान्देशात शेतकऱ्यांच्या घरी जुन्या पिढीत सर्रास असायचं. मूळचा शिंदखेड्याचा, जळगावात हस्तीमलशेठच्या वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर. "आजोबांचं नाव ठेवलंय, हसू नका," त्याने आधीच बजावलं. एरंडोल मागे पडलं तेव्हा तो म्हणाला, "तोफा लाकडाच्या नका करू. पितळेच्या हव्यात. मी करून देतो."

"का?"

"का म्हणजे... जन्मभर नळाच्या तोट्या आणि पंपांचे दांडे कापतोय. एकदा तरी तोफ करू द्या की!"

सन अठ्ठ्याऐंशीचा हिवाळा होता तो. मी बावीस वर्षांची, बी.ए. झालेली, आणि घरच्यांच्या मते लग्नाची. परसातल्या खोलीत माझी गुराब उभी राहत होती. सागाच्या पातळ पट्ट्या आईच्या मोठ्या पातेल्यात उकळून मऊ करायच्या, गरम असतानाच जहाजाच्या फासळ्यांवर वाकवायच्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे लावून धरून ठेवायच्या. पहिल्या काही पट्ट्या मी थंडच वाकवल्या होत्या, त्या कडाकड मोडल्या. बोटं भाजायला लागली तेव्हा कुठे लाकूड ऐकायला लागलं. शिडांसाठी मांजरपाट चहाच्या पाण्यात बुडवला. आई दारात उभी राहून ओरडायची, "मनं पातेलं दे! भाजी काय मना डोकावर शिजाडू?"

आणि दर रविवारी बसस्टँडजवळच्या रसवंतीत हिलाल यायचा. शर्टाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढायचा. आत दोन तोफा. बोटाएवढ्या, पिवळ्याधमक, तोंडाशी कडं, मागे गोल बोंड. हाताला गार लागायच्या आणि त्यांना लेथच्या तेलाचा वास यायचा. मी त्या उजेडात धरून पाहायची आणि तो मला पाहायचा.

"दोनच?"

"बारीक काम आहे."

"ही जराशी वाकडी वाटते."

"आणा, पुढच्या रविवारी सरळ करून आणतो."

ती वाकडी नव्हती. तेही त्याला ठाऊक होतं. रस संपल्यावरही आम्ही रिकामे ग्लास हातात धरून बसायचो... रसवाला फडक्याने तेच टेबल पुन्हा पुन्हा पुसायचा.

एकदा मधल्याच दिवशी मी माप द्यायला वर्कशॉपवर गेले. हिलाल बाहेर गेला होता. हस्तीमलशेठ गल्ल्यावरून उठले, फळीवरचा बिस्किटांचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. "त्या तोफावाल्या बाई तुम्हीच का? न्या की मग! त्याने कधीच एका दिवसात करून ठेवल्यात. डबा धूळ खातोय माझ्याकडे."

रविवारी मी तो भरलेला डबा रसवंतीच्या टेबलावर आपटला.

"बारीक काम आहे, नाही का?"

हिलालचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग त्याने मान वर केली. "एकदम दिल्या असत्या तर... तुम्ही पुन्हा आला असता?"

मी खूप रागावायचं ठरवून आले होते. पण हसू काही ओठांत मावेना.

"आले असते," मी म्हटलं. "शिडाच्या कड्या कोण करणार?"

घरी मात्र वारं वेगळंच वाहत होतं. नाना, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात अडतीचं काम पाहायचे. शब्दाचे पक्के आणि तापट. त्यांनी चोपड्याचं स्थळ आणलं. शेतीवाडी, केळीच्या बागा, मुलगा एकुलता एक. मी नको म्हटलं तर नाना म्हणाले, "बघून तर घे. बघितल्याने अंगाला भोकं पडत नाहीत."

पाहुणे आले. मुलगा पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होता. बोलत होती ती त्याची आत्या, भागाबाई. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, सगळं झालं. मग नानांनी मोठ्या हौसेने परसातली गुराब आणवून बैठकीत ठेवली. शिडं चढली होती, दोर ताणले होते, तोफा चमकत होत्या. सगळे पुढे वाकून बघायला लागले.

"बाप रे! रुखवतनं शे का हाई?" भागाबाईंनी गालाला हात लावला. "भलतं झकास शे! आमना शोकेसमां दिसी राहीन." मग त्या जवळ आल्या, डोळे बारीक केले. "पन पोरी, ह्या तोफा काढी टाक. लगीनना घरमां तोफा कसाले? तठे राजा-रानी बसाड. बाहुला-बाहुली."

मला वाटलं त्या थट्टा करताहेत. पण सगळे माना डोलवत होते. मी मुलाकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

त्याने शेंगदाणा गिळला. "आत्या म्हणेल तसं."

"दोन मिनिटांचं काम आहे," नाना हसत म्हणाले, आणि कोपऱ्यातली पक्कड घेऊन खाली बसले. त्यांनी नाकावरच्या मोठ्या तोफेला पक्कड लावली. मी डोक्यावरचा पदर टाकला आणि दोन्ही तळवे तोफांवर ठेवले.

"हात काढ, वैजू."

"नाही काढणार."

"पाहुण्यांसमोर?"

"कोणासमोरही. नाना, हे लढाऊ जहाज आहे. तोफा निघणार नाहीत, बाहुला-बाहुली बसणार नाहीत. आणि हे रुखवत नाही. हे मी माझ्यासाठी केलंय."

पक्कड आणि माझे तळवे... कितीतरी वेळ तसेच. शेवटी नानांनी पक्कड खाली ठेवली. भागाबाईंनी चपला घातल्या. "पोरगीच तोफ शे!" एवढं बोलून त्या निघाल्या, आणि चोपडा आमच्यासाठी कायमचं लांब गेलं.

 रात्री जेवणाच्या ताटावर नाना फुटले. "यापुढे मी तुझ्यासाठी स्थळ आणणार नाही! तूच आण!"

"आणते," मी म्हटलं.

आईच्या हातातली भाकरी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपवर गेले. लेथ गरगरत होता, पितळेचा कीस उडत होता.

"चला!" मी ओरडून म्हटलं.

"कुठे?"

"घरी! नानांनी स्थळ आणायला सांगितलंय!"

हिलालने लेथ बंद केला.  तो कितीतरी वेळ चिंधीने हात पुसत राहिला. "मला... अजून नीट विचारायचं होतं तुम्हाला. रविवारी. पाठ करून ठेवलं होतं मी."

"रविवार लांब आहे. आवडते ना मी तुम्हाला?"

"एस.टी.पासून," तो म्हणाला.

"मग चला. आणि हात राहू द्या तसेच."

नाना खुर्चीत बसले होते. त्यांनी तेलकट शर्टापासून चपलांपर्यंत त्याला निरखलं. कोणाचा, कुठला, पगार काय, सगळं विचारलं. हिलालने चाचरत, पण खरं खरं सांगितलं. घरची शेती थोडी, राहायला भाड्याची एकच खोली.

"आणि तुझ्या घरच्यांनी तोफा काढा म्हटलं तर?" नानांनी एकदम विचारलं.

हिलालने बैठकीतल्या गुराबीकडे पाहिलं. "म्हणतील, नाना. आमनी माय तर म्हणेलच."

"मग?"

"मग काय... दोन हात हिचे आहेत तोफांवर. दोन मी ठेवीन."

 नानांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहून हाक मारली, "अगं, पोहे टाक."

आईने दारातून मला डोळ्यांनी खुणावलं, आत ये, पदर घे, ताटल्या ने. मी हलले नाही. नानांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि हिलालच्या समोर, पायावर पाय टाकून बसले.

"वैजू, हे काय?" नाना गुरगुरले.

"स्थळ मी आणलंय, नाना. बघायलाही मीच बसणार."

आई स्वतःच पोहे घेऊन आली. हिलालने ताटली घेतली आणि मांडीवर धरून ठेवली. मी त्याला कुरळ्या केसांपासून काळ्या नखांपर्यंत सावकाश, अगदी सावकाश बघितलं. त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"नाना," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मला मुलगा पसंत आहे."