बिनसाखरेचा भोपळा

सप्टेंबरातल्या एका शनिवारी, भर दुपारी, कल्पिताने स्वयंपाकघरात ओव्हन लावला, अर्ध्या तासाने आईने आतल्या खोलीत एसी लावला आणि मजल्यावरची वीज गेली.

मुलुंड पूर्वेच्या त्या जुन्या इमारतीत समोरासमोरच्या दोन घरांची लाइन कुठल्याशा शहाण्याने एकत्र जोडून ठेवली होती. त्यामुळे एकाने चूक केली की शिक्षा दोघांना. कल्पिता बटण वर करायला बाहेर आली, तेवढ्यात समोरचं दारही उघडलं. नवा भाडेकरू. कानात हेडफोन, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्म्युडा.

"तुमच्याकडे लाइट आहे?" त्याने विचारलं.

"नाही. माझ्यामुळेच गेली. सॉरी."

"माझी मीटिंग चालू होती." मग त्याने नाक वर केलं आणि मीटिंग विसरला. "कसला वास येतोय?"

"भोपळ्याचा केक. मैदा नाही, साखर नाही. बदामाचं पीठ आणि अंडी."

"मग त्याला केक का म्हणायचं?"

"खाऊन सांगा."

अर्धवट भाजलेला तो केक तिने चमच्याने उकरून बशीत दिला. त्याने दाराशीच उभ्या उभ्या खाल्ला. चावताना त्याच्या भुवया हळूहळू जवळ येत गेल्या.

"खरं सांगू की चांगलं सांगू?"

"खरं."

"वास झकास. चव... भोपळ्याच्या भाजीत चुकून दालचिनी पडल्यासारखी." मग घाईने, "पण दालचिनी चांगली आहे. कुणासाठी करताय?"

"माझ्यासाठी. मला डायबिटीस आहे, टाइप वन. अठराव्या वर्षापासून इन्सुलिन घेते."

आपला रक्तगट सांगावा तसं तिने सांगितलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ती सगळ्यांनाच असं पहिल्या भेटीत सांगून टाकायची. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. मुलाला सगळं माहीत होतं, त्याची हरकतही नव्हती. पण त्याच्या घरच्यांना कळलं तेव्हा अचानक पत्रिका जुळेनाशा झाल्या, आणि मुलगा गप्प बसला. तेव्हापासून कल्पिताचा हिशेब साधा होता – जाणारा लवकर गेलेला बरा.

हा मात्र बशी पुसून खात होता.

"अच्छा," तो म्हणाला. "मग चिमूटभर मीठ घालून बघा. गोडाला उठाव येतो."

त्याचं नाव विपुल. घर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, आई मासळी बाजारात बसायची. नोकरी ऐरोलीला लागली म्हणून तो मुलुंडला राहायला आला होता. पुढच्या शनिवारी त्याने स्वतःच बेल वाजवली. हातात भोपळ्याची मोठी लालबुंद फोड होती.

"बाजारात ताजा भोपळा आलाय. म्हटलं, शेजाऱ्यांचे प्रयोग थांबायला नकोत."

"आणि मीटिंग?"

"आज ठेवलीच नाही. वीज जाणार हे माहीत होतं ना."

तो केकही मधोमध ओला राहिला. त्याच्या पुढचा बाजूंनी करपला. चौथ्या वेळी कल्पिताची आई, रत्नप्रभाबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या. कणकवली सोडून त्यांना तीस-पस्तीस वर्षं झाली होती, पण वैतागल्या की त्यांची भाषा गावाला जाऊन यायची.

"अगो, घारगे करताना भोपळो कसो परततंय मी? पाणी आटल्याबिगर तेका चव येवची नाय."

असं म्हणून त्यांनी भोपळा किसला, कढईत थोड्या तुपावर घातला आणि तो कोरडा होऊन गोळा व्हायला लागेपर्यंत परतायला सांगितला. विपुलने परतायचं काम घेतलं. गॅसच्या धगीने त्याच्या कपाळावर घाम आला होता. कल्पिताने नॅपकिन पुढे केला. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. एक क्षण तिला कळेना... मग तिनेच त्याचं कपाळ टिपलं. दोघंही कढईत बघत राहिली.

"करपेल," ती म्हणाली.

"काय?"

"भोपळा, रे."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. केक मात्र त्या दिवशी जमला. वरून तांबूस, आतून मऊ, वेलची-जायफळाचा वास. स्वतःच्या वाढदिवसाला कल्पिताने तोच केला आणि सगळ्यांसमोर दोन मोठे तुकडे खाल्ले. एरवी ती आपला केक कापून इतरांना भरवायची आणि स्वतः कणभर तोंडात टाकायची. विपुल समोरून बघत होता. ती बोट चाटताना सापडली आणि लाजली.

"अजून एक घे," तो म्हणाला.

"नजर लावतोस?"

"लागली कधीच."

दसऱ्याला तो त्यांच्याकडेच जेवायला होता. श्रीखंड-पुरीचा बेत, दोन मावश्या, काका, घरभर झेंडूचा वास. कल्पिताने श्रीखंडाची वाटी उचलली, तसा विपुलने हात पुढे केला आणि ती वाटी तिच्या हातातून काढून घेतली.

"हे नको ना. तुझी शुगर वाढेल. मी तुझ्यासाठी केक ठेवलाय."

मावश्या कौतुकाने बघायला लागल्या. कल्पिताचा चेहरा उतरला.

"विपुल, मी श्रीखंडाचा हिशेब करून इंजेक्शन घेऊन बसलेय," ती हळू आवाजात म्हणाली. "आता हे खाल्लं नाही तर शुगर उतरेल. चक्कर येऊन पडेन मी. वाटी दे."

त्याने वाटी दिली. ती सगळं श्रीखंड खाऊन उठली. त्याला दारापर्यंत पोचवायला गेली तेव्हा एवढंच बोलली, "एक जण मला आजारी समजून सोडून गेला. तू आजारी समजून सांभाळायला निघालास. मला दोन्ही नको."

समोरचं दार त्यानंतर बंदच राहिलं. पुढचा शनिवार गेला. कल्पिताने भोपळा आणला नाही. आईने दोनदा विचारलं, तिने दोनदा विषय बदलला. पण लिफ्टचा आवाज आला की तिचे कान टवकारायचे, आणि त्याचा तिला स्वतःचाच राग यायचा.

एका संध्याकाळी ती ऑफिसमधून आली, तर तो जिन्यात बसला होता.

"बाबांना शुगर होती," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "लपवून जिलेबी खायचे. मला माहीत होतं, मी कधी बोललो नाही. पाय कापावा लागला, मग... वर्षभरात गेले. तुझ्या हातात वाटी बघितली आणि मला तेच दिसलं. चुकलं माझं."

कल्पिता त्याच्याशेजारी पायरीवर बसली. कोपऱ्यावरच्या देवीच्या मंडपातले बांबू कोणी तरी सोडवत होतं, त्यांची खडखड वर येत होती.

"मी तुझे बाबा नाही, विपुल. मी रोज मोजते, रोज निस्तरते."

"कळलं मला. मला शिकव. नाही शिकवलंस तर मी घाबरतच राहीन, आणि घाबरलो की माती खाईन."

तिने बाही वर केली. दंडावर शुगर मोजणारी पांढरी गोल चकती चिकटवलेली होती. मोबाइल चकतीजवळ धरून तिने त्याला आकडा दाखवला, शुगर चढतेय की उतरतेय ते सांगणारा शेजारचा बाणही.

"हे बघ. वर गेली तर काही बोलायचं नाही. मी बघून घेते. खाली गेली, मला घाम फुटला, मी असंबद्ध बोलायला लागले, तर प्रश्न विचारायचे नाहीत. लगेच साखर द्यायची. पर्समध्ये पुढच्या कप्प्यात असते."

"वर गेली तर गप्प. खाली गेली तर साखर." त्याने शहाण्या मुलासारखं म्हणून दाखवलं. मग, "आणि मधे असली तर?"

"मधे असली तर काय?"

"म्हणजे... बहुतेक वेळ मधेच असते ना. तेव्हा मी काय करायचं?"

ती हसू दाबत होती. "तुला काय करायचंय?"

"प्रेम करतो तुझ्यावर, कल्पिता. तेवढंच येतं आता नीट. बाकी शिकतोय."

चकतीचं हे गणित तिने आजवर घराबाहेर कुणाला दाखवलं नव्हतं. पर्समधला तो कप्पा त्या पहिल्या मुलालाही माहीत नव्हता. तिने बाही खाली केली आणि हात त्याच्या हातात ठेवला.

"मीही करते. कधीची," ती म्हणाली. "आणि तुझ्या आईला मी स्वतः सांगणार. तू मधे बोलायचं नाहीस."

रविवारी ती दोघं वर्सोव्याला गेली. विपुलची आई बाजारातून येऊन नुकतीच हातपाय धूत होती. कल्पिताने चप्पल काढता काढताच सगळं सांगून टाकलं – आजार, इंजेक्शनं, मोडलेलं लग्न. बाईंनी पदराला हात पुसले, तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मासे खातेस ना?"

"खाते."

"मग बस," त्या म्हणाल्या आणि पाट पुढे सरकवला.