समाधीचे दोन दगड

"मॅडम, आमच्या अज्जा-अज्जीच्या समाधीचे दगड चोरीला गेलेत."

शिरूर अनंतपाळच्या ठाण्यात फौजदार पुनमनं फोन ठेवला आणि गाडी काढली.

शेताच्या कोपऱ्यात लिंबोणीखाली दोन खड्डे होते. शेजारी फोन करणारी मंजुषा उभी होती. तिचे अज्जा-अज्जी, माणिकप्पा आणि दानम्मा, उदगीरकडून रिकाम्या हातानं इथं आले होते. दोघांनी गोटे वेचून माळाचं रान केलं. मरताना माणिकप्पानं नातवंडांना सांगितलं, आम्ही बसू ते रान विकू नका, कसेल त्यानं खावं.

कसत होती मंजुषा. नवरा गेल्यावर ती माहेरी आली होती. पण सातबारा तिच्या चुलत भावांच्या नावावर, रुद्रेश आणि सोमेशच्या. लातूरला दुकान असलेल्या रुद्रेशला रान विकायचं होतं. समाधी बघून गिऱ्हाईक परत जात होतं. आता उद्या नवं गिऱ्हाईक येणार होतं.

"दगड न्हाईत म्हणल्यावर व्यवहार होईल," मंजुषा म्हणाली. "मग मी कुठं जाऊ?"

पुनम खाली वाकली. आदल्या दिवशी पाणी दिलेलं रान, माती ओली. बुटांचे ठसे थेट समाधीपर्यंत गेले होते. त्यांच्यावर अनवाणी पावलं उमटली होती, मोठी, पुरुषाची. ती बांधापासून सुरू होत होती. बांधावर मात्र चपलांचे ठसे होते.

बूट दलाल हरिओमचे निघाले. काल दुपारी जागा बघून गेलो, समाधी तेव्हा जागेवर होती, असं त्यानं सांगितलं. रुद्रेश दोन दिवस नांदेडला लग्नात होता. शंभर माणसांनी त्याला पाहिलं होतं.

राहिला सोमेश. तो गावातच राहायचा आणि विक्रीला उघड विरोध करायचा. ओसरीवर तो डोळे पुसत होता.

"समाधीला रोज कोण जातं?"

"मीच, मॅडम. अज्जा-अज्जीला पाणी घातल्याबिगर च्या सुदीक घेत न्हाई मी. लहानपणापासून."

"आज?"

"आज उपाशीच हाय."

त्याचे ओठ खरंच सुकलेले होते. पुनम निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली, मंजुषाला घेऊन. गिऱ्हाईक यायला अजून अवकाश होता. सोमेशनं दोघींना चहा दिला. स्वतःची कपबशी उचलली आणि फुर्रकन घोट घेतला.

पुनमनं तो घोट गळ्याखाली उतरू दिला.

"सोमेश, आज पाणी कुठं घातलंस?"

त्यानं कपबशी खाली ठेवली. त्याची नजर गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीकडे गेली आणि तिथंच अडकली.

पुनमनं पेंढ्या ओढल्या. आत दोन्ही दगड होते, ओले, विभूतीचे पट्टे ताजे.

"परका चोर बांधावर चपला काढत नाही," पुनम म्हणाली. "म्हणून घरातलाच. रुद्रेश नांदेडला, मंजुषाचं पाऊल लहान. पण पुरावा नव्हता. काल दिवसभर माझा माणूस या वस्तीत फिरत होता, म्हणून तुला गंजीपाशी जाता आलं नाही. तू उपाशी राहिलास. रात्री मी माणूस मुद्दाम काढून घेतला, आणि आज तू चहा प्यालास."

सोमेश खाली बसला. पोरीला, साक्षीला नांदेडच्या कॉलेजात घालायचं हाय, रान विकल्याबिगर जमत न्हाई, एवढंच पुटपुटला. विरोध करायचा तो लोक नावं ठेवतील म्हणून.

"गुन्हा नोंदवू?" पुनमनं विचारलं.

मंजुषानं दगडांवरचा कडबा झाडला.

"अण्णा, आपल्या लिंगायतांत माणसाला मांडी घालून बसवून पुरतात. तू दगड उचललास. खाली बसलेत त्यांना कुठं नेणार व्हतास?"

ती पुनमकडे वळली.

"गुन्हा नको, मॅडम. त्या दलालाला ह्यानंच सांगावं."

सोमेशनं फोन काढला.

"हरिओमभाऊ, गिऱ्हाईक आणू नका." त्यानं दगडांकडे पाहिलं. "जागा रिकामी न्हाई. आमची माणसं बसल्यात तिथं."