अडीचशेच्या पुढे

वहिनींनी गाडी आणली ती मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास. गॅरेजच्या दारातून आत घेताना त्यांनी ती इतकी हळू चालवली की शेजारून कुणी चालत आलं असतं तर पुढे निघून गेलं असतं. मास्तरांनी हाताचं ऑइल फडक्याला पुसलं आणि पुढे झाले. गाड्यांचा वेग वाढवून देण्यात त्यांची हयात गेली होती, पण ही गाडी आपल्या दारात येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची होती. दादाला जाऊन चार महिने झाले होते.

"भाऊजी, एवढी पुरी करून द्या," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला.

अक्षर दादाचं. गिअरचे दाते, टायरचा घेर, हवेचा रोध, असा सगळा हिशेब आखीवरेखीव मांडलेला, आणि तळाशी दोनदा रेघ ओढलेला आकडा : २५०. शेवटची ओळ अर्धीच होती. त्या कागदावरच जेवणाच्या टेबलाशी दादाचं डोकं टेकलं होतं, ते पुन्हा उचललं गेलं नाही.

दादा आयुष्यभर वजनमापं तपासणारा माणूस. नाकासमोर चालणारा, दुकानदाराच्या काट्यात गुंजभर फरक दिसला तरी झोप न लागणारा. बावन्नाव्या वर्षी त्याच्या डोक्यात वेग शिरला. शहराबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर वर्षातून दोनदा हौशी लोक गाड्या पळवायचे, तिथे तो एकदा नुसता बघायला गेला आणि दुसऱ्याच दिवशी धाकट्याकडे आला. "ताशी अडीचशे पाहिजे," म्हणाला.

"दादा, ही घरची गाडी आहे. पोराबाळांना शाळेत सोडायची. हिला बंदुकीची गोळी करायला निघालास?"

"जमत नसेल तर तसं सांग."

शब्दाने शब्द वाढला. काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही म्हणतात, पण या दोघांचं दोन वर्षं दुभंगलेलंच राहिलं. दोघांनाही वाटत होतं, बोलू पुढे कधीतरी.

मास्तरांनी कागद खिशात ठेवला. "तीन आठवडे लागतील," ते म्हणाले.

मुळात ही गाडी दोनशेच्या आतच दमणारी. नुसता इंजिनचा जोर वाढवून भागत नाही. एका वेगापुढे रस्ता बाजूला राहतो आणि सगळी झुंज हवेशी सुरू होते. मास्तरांनी टर्बो मोठा घातला, सायलेन्सर मोकळा केला, इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये नवे आकडे भरले. मागच्या ॲक्सलमधला गिअर बदलला. गाडी तीन बोटं खाली बसवली, पोटाखाली सपाट पत्रा मारला, पुढच्या फटी बुजवल्या. दादाची अर्धी राहिलेली ओळही त्यांनी पुरी केली. उत्तर बरोबर येत होतं. दोन वर्षांपूर्वीही बरोबरच आलं असतं.

चाचणीची खोली मागे होती. जमिनीत बसवलेले दोन पोलादी रोलर, समोर माणसाएवढा पंखा, बाजूला काचेची केबिन. गाडीची मागची चाकं रोलरवर चढवायची, पुढची चाकं सिमेंटवर लाकडी ठोकळे लावून पक्की करायची आणि चारही कोपरे जाड पट्ट्यांनी जमिनीला बांधायचे. मग गाडी कितीही पळाली तरी तसूभर हलत नाही.

पहिल्या दिवशी मास्तरांनी एकशे नव्वदपर्यंत नेली. इंजिन ठणठणीत होतं. खाली उतरून बॉनेट उघडायला गेले, तर पुढच्या काचेवर किडे चिकटलेले. हायवेवरून लांबचा प्रवास करून आलेल्या गाडीवर असतात तसे; पिवळे, ओले ठिपके.

वहिनींनी आणतानाचे असतील, त्यांनी स्वतःला सांगितलं. पण वहिनी चालवतात कशा ते त्यांनी पाहिलं होतं. मग पंख्याची जाळी तपासली. तिच्यातून मुंगीही आली नसती. त्यांनी काच साबणाने धुतली, कोरडी केली, खोलीचं शटर लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दोनशे पंधरा. काच पुन्हा ठिपक्यांनी भरलेली. या वेळी त्यांच्या मनात पाल चुकचुकली आणि का कोण जाणे, त्यांनी वाकून पुढच्या टायरला हात लावला.

चटका बसला.

पुढची चाकं फिरलीच नव्हती. ठोकळे जागच्या जागी होते. खालच्या सिमेंटवर कालची धूळ तशीच होती. मास्तरांनी ठोकळे पुन्हा एकदा हलवून पाहिले. मग फोन करून त्यांनी वहिनींना बोलावून घेतलं. "शेवटच्या चाचणीला तुम्ही असलेल्या बऱ्या," एवढंच म्हणाले.

वहिनी शनिवारी दुपारी आल्या. त्या इस्पितळात एक्स-रे काढायच्या. आतलं मोडलेलं रोज बघून त्यांचा चेहरा सहसा बदलायचा नाही. मास्तरांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं, लाल बटण दाखवलं. "मी हात वर केला की हे दाबायचं. रोलर थांबतात."

"आणि तुम्ही हात वर केलाच नाहीत तर?"

"करीन."

त्यांनी स्वतःच्या हातांनी काच पुसली, पट्टे दोनदा ओढून पाहिले आणि आत बसून बेल्ट लावला.

एकशे ऐंशी. दोनशे. समोर भिंत, भिंतीवर लाल अग्निशामक नळकांडं, पंख्याचा वारा.

दोनशे वीस. इंजिनचा सूर चढत गेला, पण त्यात कुठे खोट नव्हती.

दोनशे चाळीस. भिंत तिथेच होती.

दोनशे शेहेचाळीसला पंख्याचा आवाज ऐकू येईना.

आणि स्टिअरिंग जिवंत झालं.

रोलरवर स्टिअरिंग मेलेलं असतं. पुढची चाकं उभी, ते काय सांगणार? पण आता तळहातांना बारीक थरथर लागत होती. रस्त्याचे सांधे लागत होते, एकापाठोपाठ एक. उजवीकडे हलकासा उतार होता. मास्तरांच्या हातांनी तो आपोआप सावरला.

भिंत हलली नाही.

अडीचशे.

पुढून टक् असा आवाज झाला. एकदाच, अगदी हलका.

मास्तरांनी पाय काढला. हात वर करायचं त्यांना सुचलंच नाही. रोलर घरघरत थांबले तेव्हा वहिनी केबिनच्या दारात उभ्या होत्या.

"काय दिसलं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. गाडी जागेवर होती." त्या म्हणाल्या. "तुम्ही दिवे का लावलेत? भिंतीवर दोनदा उजेड पडला."

"मी दिव्यांना हात लावला नाही."

दोघं गाडीच्या पुढे आले. काच स्वच्छ होती. एकही किडा नाही. मास्तरांच्या छातीवरचं ओझं उतरतंय न उतरतंय, तोच त्यांची नजर खाली गेली. बंपरच्या रंगावर बारीक बारीक टवके उडाले होते, शेकड्यांनी. त्यातून खालचा पांढरा थर दिसत होता.

"हे कशानं?" वहिनींनी विचारलं.

तीस वर्षांची सवय. विचार करायच्या आत उत्तर तोंडातून गेलं. "पुढे गाडी असली की होतं असं. तिच्या चाकांनी उडालेले खडे मागच्याला लागतात. आणि किडे तिच्या काचेवर बसतात, म्हणून मागच्याची काच साफ राहते. अगदी जवळ असलं तर."

खोलीत तापलेल्या रबराचा वास भरला होता. इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं.

"किती जवळ?"

मास्तरांनी टवक्यांवरून बोट फिरवलं. "हातभर."

"मग थोडंच राहिलंय," वहिनी म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात ना भीती होती ना हट्ट. डॉक्टरांना फिल्म दाखवावी तसं त्या बोलल्या.

"वहिनी, हे इथे थांबतं. आकडा त्यानं लिहिला होता, तो झाला. सोमवारी मी जुना गिअर परत बसवतो."

"तुमचं काही बोलायचं राहिलं नव्हतं त्यांच्याशी?"

मास्तर गुडघ्यावर बसले आणि पट्टे सोडू लागले. पहिला, दुसरा. वहिनी बाहेर अंगणात गेल्या. शटर वर गेल्याचा आवाज आला आणि दुपारचं ऊन सिमेंटवर लांबवर पसरलं.

त्या उन्हात काहीतरी चमकलं.

पुढच्या बंपरच्या खाली, भिंतीच्या बाजूला, नखाएवढा लाल प्लास्टिकचा तुकडा पडला होता. मास्तरांनी उचलला. आतल्या बाजूला कारखान्याचे बारीक आकडे कोरलेले होते. ते आकडे त्यांना पाठ होते. मागच्या दिव्याच्या काचेचा तुकडा होता तो, याच गाडीच्या.

ते उठून मागे गेले. वाकून दोन्ही दिवे पाहिले, कडांवरून अंगठा फिरवला. दोन्ही शाबूत होते. साधी चीरही नव्हती.

मास्तरांनी तुकडा तळहातावर घेतला. तो कोमट होता. आत पेटलेल्या दिव्यानं काच तापते तसा. त्यांनी तो फिरवून उजेडात धरला आणि त्याची वळणदार कड पुन्हा एकदा पाहिली. बाहेरच्या कप्प्याचा तुकडा. त्या कप्प्यातला दिवा चालवणाऱ्यानं ब्रेक दाबल्याशिवाय लागत नाही.