सातवी पुडी

मोठे डॉक्टर तक्रार विभागाला स्वतः कधी फोन करत नसत. त्या सकाळी केला.

“लगेच वर या. एक पेशंट माझ्या खोलीतून हलायला तयार नाही.”

तक्रार विभाग म्हणजे एकट्या बाई. पूर्वी पोलिसात होत्या. कुणी नमस्कार केला तरी ‘का?’ विचारतील अशी त्यांची ख्याती. इस्पितळभर त्यांना शंकाबाई म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

वर चार माणसं होती. मोठे डॉक्टर, नव्या गोळीच्या संशोधनाचे प्रमुख, कपाळाला कायमच्या आठ्या. त्यांचे मदतनीस छोटे डॉक्टर, हातात पाण्याचा ग्लास, चेहऱ्यावर काळजी. भिंतीकडे तोंड करून उभी असलेली पन्नाशीची अक्का. आणि खुर्चीत ठाण मांडून बसलेली तिची धाकटी बहीण. पितळी पाट्यांवर आणि बक्षिसांच्या चषकांवर नावं कोरणं हा धाकटीचा धंदा, म्हणून सगळे तिला कोरणारीच म्हणत.

गेल्या वर्षी अक्काने तिला आपली एक किडनी दिली होती. शरीराला ती परकी वाटून त्याने तिच्यावर तुटून पडू नये, म्हणून ही नवी गोळी. बाजारात अजून न आलेली, फक्त या संशोधनातल्या रुग्णांना मिळणारी.

“गेल्या महिन्यात शरीराने किडनी नाकारायला सुरुवात केली,” मोठे डॉक्टर म्हणाले. “इंजेक्शनं देऊन सध्या सावरलीय. किती टिकेल सांगता येत नाही. कारण हे बघा.”

पारदर्शक पिशवीत एक पारदर्शक बाटली. आत निम्म्याहून जास्त गोळ्या, आणि बाटल्यांत असते ती ओल शोषणारी छोटी पांढरी पुडी.

“बाटली रिकामी परत यायला हवी होती. यांनी गोळ्या चुकवल्या. तसं या कागदावर लिहिलंय, सही करा म्हटलं तर ऐकत नाहीत.”

“मी एकही चुकवली नाही. सही करणार नाही,” कोरणारी म्हणाली.

“ताई, सही करून टाका,” छोटे डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले. “कुणी रागावणार नाही. पुढचं मी सांभाळून घेतो.”

“सही केली तर काय होईल?” शंकाबाईंनी विचारलं.

उत्तर कोरणारीने दिलं. “ही किडनी गेली तर दुसरी मिळणार नाही. गोळ्या चुकवणारीला कोण देईल? यादीतून नाव कायमचं कापलं जाईल. म्हणजे मी माझ्याच मरणावर सही करायची, आणि वर यांचं पाणी प्यायचं.”

भिंतीकडे पाहतच अक्का म्हणाली, “माझ्या पोटातून काढून दिली गं तुला. साधी गोळी घेता आली नाही?”

कोरणारीचा चेहरा तेवढा एकदाच पडला. शंकाबाईंनी तो पाहिला आणि पिशवी उचलली.

“दुपारपर्यंत कुणी कशावर सही करायची नाही,” त्या म्हणाल्या.

*

आधी त्यांनी अक्काला जिन्यात गाठलं.

“बाटली इस्पितळात कुणी आणून दिली?”

“मीच. तिला ताप होता. बाटली देऊन मी तिला इथे भरती केलं.”

“खुळखुळत होती?”

“पिशवीत कपडे, डबा, चादर, त्यात कुठेतरी बाटली. माझं लक्ष तरी ठिकाणावर होतं का?”

“कुणाच्या हातात दिलीत?”

“खिडकीवरच्या माणसाने घेतली, कपाटात टाकली. बाई, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?”

“मी सगळ्यांवरच घेते. वाईट वाटून घेऊ नका.”

खिडकीवरचा माणूस म्हणजे फार्मासिस्ट. तो कुणाच्या अध्यात ना मध्यात.

“परत आलेल्या बाटल्या तुम्ही मोजता?”

“नाही बाई. झाकण न उघडता खाचेतून कपाटात टाकायच्या. ते कपाट उघडतात मोठे डॉक्टर किंवा छोटे. मला त्याची किल्लीच नाही.”

“आणि नव्या बाटल्या?”

“त्या इथे. किल्ली माझ्याकडे आणि छोट्या डॉक्टरांकडे. मोठ्या सरांना कपाट कुठे आहे तेही विचारावं लागतं.”

“एका बाटलीत ओल शोषणाऱ्या पुड्या किती असतात?”

“एकच. का?”

“सवय आहे,” शंकाबाई म्हणाल्या.

छोटे डॉक्टर स्वतःहून समोर आले. फार वाईट वाटतंय म्हणाले, ताई स्वभावाने चांगल्या आहेत म्हणाले, रुग्ण कंटाळतात आणि मग खोटं बोलतात म्हणाले.

“भरती केलं त्या दिवशी रक्त घेतलं असेल ना? रक्तात गोळी किती आहे ते तपासायला?”

“घेतलं होतं. नळी फुटली. नशीबच खोटं.”

“कुणाच्या हातून?”

“माझ्याच. धावपळ होती.”

*

कोरणारीचं दुकान म्हणजे एक खोली, एक टेबल आणि खिडकीतला उजेड. भिंतीला लावून चषक मांडले होते, मालकांनी परत पाठवलेले. त्यांच्यावरची अक्षरं पावसात भिजलेल्या माणसासारखी कुडकुडत होती.

“हे सगळे गेल्या महिन्यातले,” कोरणारी म्हणाली. “गोळीने हात थरथरतो. छोट्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गोळी पोटात आहे तोवर थरथर राहणार. म्हटलं राहू दे. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, माणूस सरळ उभा राहिला पाहिजे. गिऱ्हाइकांना ते पटत नाही एवढंच.”

तिने टेबलाचा ड्रॉवर ओढला. आत पोलादी कोरण्या ओळीने झोपवलेल्या, आणि त्यांच्या उशाशी छोट्या पांढऱ्या पुड्या.

“या कुठल्या?”

“औषधाच्या बाटल्यांतल्या. नवी बाटली उघडली की आधी पुडी काढून इथे टाकते. कोरण्या गंजत नाहीत. काढू नका असं लिहिलेलं असतं त्यावर, पण गोळ्या तर महिन्याभरात संपतात. पोलाद मला जन्मभर पुरवायचंय.”

“आजवर बाटल्या किती झाल्या?”

“सहा. भरती झाल्यापासून गोळी रोज इस्पितळातच देतात.”

शंकाबाईंनी पुड्या मोजल्या आणि हसू दाबत ड्रॉवर लावून घेतला.

*

दुपारी तीच खोली, तीच माणसं. फार्मासिस्टलाही बोलावलं होतं. तो दाराशी चोरासारखा उभा होता, बिचाऱ्याने काही केलेलं नसताना.

शंकाबाईंनी बाटली मोठ्या डॉक्टरांच्या कोऱ्या कागदावर पालथी केली. गोळ्या घरंगळल्या, शेवटी पुडी पडली.

“बाटली यांची. त्यावरचं नाव, नंबर, सगळं यांचं. पण ही पुडी यांची नाही.”

“पुडी सगळ्याच बाटल्यांत असते,” छोटे डॉक्टर म्हणाले.

“असते ना, एकच असते. आणि या बाई ती पहिल्याच दिवशी काढून घेतात, हत्यारांच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला. सहा बाटल्या, ड्रॉवरमध्ये सहा पुड्या. मग रिकाम्या गेलेल्या सहाव्या बाटलीत ही सातवी कुठून उगवली?”

मोठे डॉक्टर पुढे झुकले. “म्हणजे कुणीतरी—”

“नवी बाटली फोडून यांच्या बाटलीत गोळ्या ओतल्या. त्यांच्यासोबत पुडीही पडली. ओतणाऱ्याला वाटलं, असू दे, सगळ्यांच्या बाटलीत असते. तिथेच तो फसला.”

“मग यांनीच पुडी काढून गोळ्या खराब केल्या असतील,” छोटे डॉक्टर म्हणाले. आवाज आता मऊ नव्हता.

“पहिल्या बाटलीपासून त्या काढतायत. आधीच्या पाच महिन्यांत रक्तात गोळी बरोबर सापडली, हे तुमच्याच तपासण्या सांगतात. आणि गेल्या महिन्यातले चषक बघून या. गोळी चुकवणारीचा हात असा थरथरत नाही. हेही तुम्हीच यांना सांगितलं होतं.”

“पण कुणी केलं?” अक्काने विचारलं. ती पहिल्यांदाच खोलीकडे वळली होती.

“तुम्ही नाही. या गोळ्या बाजारात मिळत नाहीत, तुम्ही आणणार कुठून? फार्मासिस्टकडे नव्या बाटल्यांची किल्ली आहे, परत आलेल्यांची नाही. मोठ्या डॉक्टरांकडे परत आलेल्यांची आहे, नव्यांची नाही. दोन्ही एकाच माणसाकडे आहेत. रक्ताची नळीही त्याच्याच हातून फुटली, कारण रक्तात गोळी पूर्ण सापडली असती.”

छोट्या डॉक्टरांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

“का केलंस?” मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

“त्यांना कारण माहीत आहे, पण तुम्ही सही मागत होतात, म्हणून मी सांगते,” शंकाबाई म्हणाल्या. “रुग्णाने गोळी नियमित घेतली आणि तरीही किडनी नाकारली गेली, तर तो गोळीचा पराभव. निकालात तो धरावाच लागतो. रुग्णाने गोळी चुकवली, तर दोष रुग्णाचा, आणि त्याचं नाव निकालातून वगळता येतं. गोळी स्वच्छ राहते, माणूस मात्र बदनाम होतो.”

“ही गोळी चांगली आहे!” छोटे डॉक्टर उसळले. “बाकी सगळ्यांच्या किडन्या ठणठणीत आहेत. बिघडली ती एकट्या एकीची. तेवढ्यासाठी सगळं काम बुडू द्यायचं होतं?”

“ती एकटी मी आहे,” कोरणारी म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांनी हात पुढे केला, छोट्या डॉक्टरांनी दोन्ही किल्ल्या त्यात ठेवल्या.

“आजच वर कळवतो,” मोठे डॉक्टर म्हणाले. आठ्या तशाच होत्या, पण नजर वर होत नव्हती. “तुमचं नाव दुसऱ्या किडनीच्या यादीतून कापलं जाणार नाही. आणि मी... न तपासता सही मागितली. चुकलंच माझं.”

त्यांनी सकाळचा तो सहीचा कागद उचलला आणि फाडायला घेतला.

“फाडू नका,” कोरणारी म्हणाली. “पाठीमागे लिहा. हिने सगळ्या गोळ्या घेतल्या, गोळी हरली. मग सही करते मी. माझ्यानंतर जो कुणी ही गोळी गिळेल, त्याला खरं कळायला नको?”

मोठ्या डॉक्टरांनी लिहिलं. तिने सही केली. हात थरथरला, अक्षरं वेडीवाकडी आली, आणि तिने ती नेहमीपेक्षा मोठी काढली.

अक्का तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. “मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता गं.”

“किडनी काढून दिलीस अक्का,” कोरणारी मागे न बघता म्हणाली. “विश्वास ठेवायला तर पोटही फाडावं लागत नव्हतं.”

अक्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलं नाही. थोड्या वेळाने कोरणारीने खांद्यावरून हात मागे नेला आणि बहिणीची बोटं चाचपून घट्ट धरली. तिच्या हातासोबत अक्काचा हातही थरथरत राहिला.