आठ घरं आणि एक काना

मंगळवारी दुपारी एक ते चार वाचनालय बंद असतं. त्यामुळे मागच्या दारानं आत शिरलेल्या देवयानीला मासिकांच्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तेव्हा तिनं आधी हातातली छत्री भाल्यासारखी धरली आणि मग विचारलं,

“कोण आहे? बाहेर या!”

“एक मिनिट...” टेबलाखालून आवाज आला. “बीप मोजतोय.”

“काय मोजताय?”

“तीन... चार... गेलं! तुम्ही बोललात, त्यात पाचवी हुकली.”

मग माणूस बाहेर आला. तिशीचा असेल. एका गालाला धूळ, एक कान लालबुंद – बराच वेळ कशाला तरी लावून ठेवलेला. छत्रीचं टोक बघून त्यानं दोन्ही हात वर केले. एका हातात स्क्रूड्रायव्हर होता, तो घाईघाईनं खाली ठेवला.

“मी रत्नदीप. कल्याणहून आलो. त्र्यंबकरावांनी किल्ली दिली.”

“आमचे अध्यक्ष ग्रंथपालाला न सांगता कुणाला किल्ली देत नाहीत. आणि ग्रंथपाल मी आहे.”

“मग मी चोर असणार,” तो म्हणाला. “पण चोर पेटीला कान लावून कशाला बसेल, मॅडम?”

देवयानीला हसू आलं नाही. निदान तिनं ते येऊ दिलं नाही. तिनं त्र्यंबकरावांना फोन लावून खात्री केली, आणि तरीही चार वाजेपर्यंत छत्री मांडीवर घेऊनच बसून राहिली.

पेटीची हकिगत अशी होती. ठाण्यात घोडबंदर रोडवरचं एक ऑफिस बंद झालं, आणि जाताना त्यांनी नौपाड्यातल्या या वाचनालयाला एक काळी लोखंडी पेटी देऊन टाकली. फायरवॉल म्हणतात तिला – बाहेरचं इंटरनेट आणि आपले कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसणारा राखणदार. तिच्यातला जुना प्रोग्रॅम मुदत संपून बंद पडला होता. रत्नदीपनं नवा घातला, आणि पहिल्याच मंगळवारी अभ्यासिकेतल्या मुलांचं इंटरनेट सुरू झालं.

राहिलं ते पेटीचं तोंड. दर्शनी बाजूला हिरवट उजेडाची, दोन ओळींची, बोटभर रुंद स्क्रीन होती. शेजारी चार बटणं – वर, खाली, फुली आणि बरोबरची खूण. पेटी चालू केली की स्क्रीनवर इंग्रजीत ‘कृपया थांबा’ असं उमटायचं, आणि मग दिवसभर तेच. आतून इंटरनेट धावत असायचं, आणि स्क्रीन आपली – कृपया थांबा.

“राहू दे की तशीच,” दुसऱ्या मंगळवारी देवयानी म्हणाली. “नेट चालतंय ना?”

“चालतंय. पण तोंड आहे आणि बोलत नाही, हे मला बघवत नाही.”

“काहींनी नाही बोललं तरी चालतं.”

“हे मला, की पेटीला?”

तिनं पुस्तकांना कव्हरं घालायला घेतली. पण कव्हर उलटं घातलं गेलं, ते त्यानं पाहिलं, आणि त्यानं पाहिलं हे तिनंही पाहिलं.

तिचा संशय मात्र जागच्या जागी होता. माणूस वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नेटवर्कचं काम करतो, मंगळवारी त्याची सुट्टी असते – ठीक. पण सुट्टीच्या दिवशी कल्याणहून ठाण्याला येऊन, एक पैसा न घेता, बोटभर स्क्रीनसाठी तीन तास कोण घालवतं?

“फुकट का करता हे सगळं?” तिनं सरळच विचारलं.

“इथल्या अभ्यासिकेत तीन वर्षं बसलेलो मी. परीक्षा काही पास झालो नाही... पण पंख्याखाली जागा मिळायची. घरी आम्ही सहा जण आणि एक खोली.” तो स्क्रू फिरवत राहिला. “तुम्ही तेव्हा नव्हता. असता तर अभ्यास आणखी कमी झाला असता.”

“स्क्रू पडेल,” देवयानी म्हणाली. आणि खरंच पडला.

डोंबिवलीला घरी आईनं, मंदाकिनीबाईंनी, भाजी निवडता निवडता विचारलं, “कोण गं हा रत्नदीप? दोनदा नाव घेतलंस. आडनाव काय त्याचं?”

“आई, वायफाय आडनाव विचारत नाही.”

“वायफाय नाही विचारत. मी विचारतेय.”

“पेटी दुरुस्त करतो. एवढंच.”

“सलिलसुद्धा ‘एवढंच’ होता,” आई म्हणाली, आणि लगेच भाजीवर वाकली. ते नाव घरात वर्षभर कुणी घेतलं नव्हतं.

सलिलशी देवयानीचा साखरपुडा झाला होता. त्यानं तिला भारीपैकी फोन दिला होता. मग हळूहळू तिच्या लक्षात येऊ लागलं, की आपण कुठे होतो हे त्याला आपण सांगायच्या आधीच ठाऊक असतं. “काल दिवा स्टेशनला कशाला उतरलीस?” त्यानं एकदा हसत विचारलं होतं. हसत! फोनमध्ये त्यानं काहीतरी लपवून ठेवलं होतं. तिनं फोन आणि अंगठी एकाच पुडक्यात बांधून परत पाठवली. तेव्हापासून यंत्रातलं कळणाऱ्या माणसाची तिला भीतीच वाटे. आणि भीती वाटली की ती जास्तच ताठ बसत असे.

तिसऱ्या मंगळवारी स्क्रीन बोलली.

बाहेर ऊन होतं आणि ऊन असतानाच पावसाची एक सर येऊन गेली होती. रत्नदीप टेबलाखालून ओरडला, “मॅडम, बघा बघा! स्क्रीनची वायर प्रिंटरच्या जुन्या जोडणीवर बसवलेली होती, आणि ती जोडणीच कुणीतरी बंद करून ठेवलेली!” ‘कृपया थांबा’ गेलं. देवयानी वाकली. वरच्या ओळीत इंग्रजीत आलं – जोडलेले फोन, एक. खालच्या ओळीत – देवयानीचा फोन.

ती झटकन मागे सरली.

“माझं नाव तिला कसं माहीत?”

“तुमच्या फोननंच सांगितलं. जोडला जाताना प्रत्येक फोन स्वतःचं नाव–”

“बंद करा. आत्ता.”

त्यानं समजावलं नाही. ‘का’ म्हणून विचारलं नाही. सरळ हात लांब केला आणि प्लग उपसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा बोलू लागलेली स्क्रीन काळी झाली. तिच्याकडे त्यानं क्षणभर पाहिलं... आणि देवयानीनं त्याच्याकडे.

चौथ्या मंगळवारी त्यानं वहीचं एक पान तिच्यापुढे ठेवलं. सुवाच्य अक्षरात दोन भाग केले होते – ‘पेटीला काय कळतं’ आणि ‘पेटीला काय कळत नाही’. दुसरा भाग लांब होता. कोण कुठे जातं, कुणाशी बोलतं, काय वाचतं – यातलं काहीच ती साठवत नाही. फोनची नावं दाखवणं काढून टाकलं आहे. खाली सही. तिनं पान दोनदा वाचलं आणि दाखल नोंदवहीत जपून ठेवलं. त्या दिवशी छत्री कोपऱ्यात उभी होती.

पण त्याच संध्याकाळी तो गेल्यावर झाडताना पेटीखाली एक कागद सापडला. आलेखाचा, बारीक चौकोनांचा. त्यावर आठ घरं आखलेली – प्रत्येक पाच चौकोन रुंद, आठ चौकोन उंच. काही चौकोन पेन्सिलीनं काळे केलेले, शेजारी न कळणारे आकडे. सहा घरं भरलेली. दोन रिकामी.

वहीच्या पानावर हे कुठेच नव्हतं.

आणि नेमके तेव्हाच त्र्यंबकराव आले. “देवयानीबाई, समितीत कुजबुज आहे. अध्यक्ष असून किल्ली मीच दिली, त्यामुळे मला बोलता येत नाही. पण दर मंगळवारी, बंद दाराआड, फुकट... पुढच्या मंगळवारी चारला बैठक आहे. तुम्ही एका ओळीत लेखी द्या. विश्वास ठेवायचा, की पेटी काढून ठेवून रत्नदीपना ‘आभारी आहोत’ म्हणायचं. तुम्ही लिहाल तसं.”

तिनं कागद पर्समध्ये टाकला.

घरी जेवणाच्या टेबलावर ती त्यावर तासभर डोकं घालून बसली. आकडे जुळेनात. डोळे दुखायला लागले तसा तिनं चष्मा काढला, कपाळ दाबलं, आणि सहज पुन्हा कागदाकडे पाहिलं. चष्म्याविना चौकोन एकमेकांत मिसळले होते. पहिल्या घरात – दे. दुसऱ्यात – व. मग य. मग नुसता काना. मग न. मग वेलांटी, दुसरी, दीर्घ.

तिनं चष्मा घातला. काढला. पुन्हा घातला.

आनंद व्हायला हवा होता. झाला तो धसका. आपलं नाव कुणीतरी आपल्यामागे लिहितंय... हे आधीही झालं होतं.

मंगळवारी दोन वाजता तिनं कागद त्याच्यापुढे ठेवला. “हे काय आहे?”

रत्नदीपचे दोन्ही कान लाल झाले. या वेळी न दाबताच.

“किल्ली देतानाच अध्यक्ष म्हणाले होते, मराठी वाचनालय आहे, तर मराठीच दिसायला पाहिजे. या स्क्रीनच्या पोटात इंग्रजी अक्षरं कारखान्यातूनच असतात. आपली नसतात. आपली आपण काढून द्यायची, ठिपक्या-ठिपक्यांनी. पण जागा आठच. एका वेळी आठ अक्षरं, बस्स.”

“मग ‘वाचनालय’ काढायचं.”

“तेच काढायला बसलेलो...” तो थांबला. “हात दुसरीकडेच गेला.”

“आणि ‘मॅडम’ कुठे गेलं?”

“जागा नव्हती.”

या वेळी हसू तिच्या ओठांपर्यंत पोचलं होतं. तिनं ते कसंबसं परतवलं. “मला न विचारता माझं नाव कुठेही लिहायचं नाही. कागदावरसुद्धा. मी का सांगतेय–”

“माहीत नाही, आणि सांगू नका. तुम्ही ‘बंद करा’ म्हणालात तेव्हा तुमचा आवाज ऐकला मी. मशीनची बीप ऐकून काय दुखतंय ते ओळखायचं, हेच काम आहे माझं.” त्यानं कागद उचलला. “हे चुकलंच. फाडून टाकतो.”

“थांबा.”

तो थांबला.

“ही दोन घरं रिकामी का?”

“नावापुढे काय लिहावं ते कळेना. दोन अक्षरांत मावणारं आणि... तुम्हाला राग न येणारं.”

देवयानीनं भुवई उचलली. “अक्षरांची शिरोरेषा तुटलेली दिसते.”

“प्रत्येक घरामध्ये फट असते. जुळत नाही. काय करणार?”

“तुटली तरी वाचता येतं.” मग अगदी उलटतपासणीच्या सुरात, “एकदा काढलेलं घर दुसऱ्यांदा वापरता येतं? समजा... काना?”

“कितीही वेळा.”

“स्वल्पविराम? प्रश्नचिन्ह?”

“ती कारखान्यातली. त्यांना जागा लागत नाही.” तो गोंधळला. “का?”

“चौकशी करतेय. कागद द्या इकडे.”

ती आपल्या टेबलाशी गेली. आधी समितीसाठी एक ओळ लिहिली आणि पाकिटात घातली. मग पाठ करून, चष्मा वर सारून, बराच वेळ पेन्सिल चालवली, दोनदा खोडलं. पावणेचारला कागद त्याच्या हातात देत म्हणाली, “घरं मोकळी ठेवू नयेत. कागद अर्धवट दिसतो.”

रत्नदीपनं पाहिलं. हात लांब करून पाहिलं. डोळे किलकिले केले... आणि मग लॅपटॉप ओढला.

चारला त्र्यंबकराव समितीच्या चौघांना घेऊन आले. त्यांनी पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं, “‘पेटी ठेवावी. माणूसही येत राहावा.’ – हं. दुसऱ्या वाक्याची गरज होती का?”

“होती,” देवयानी म्हणाली.

त्र्यंबकराव पेटीपाशी वाकले, चष्मा पुढे-मागे केला. “अहो... हे यंत्र मराठी बोलतंय! पण हे काय? ‘देवयानी, चहा?’ – देवयानीबाई, हे तुम्हाला चहा विचारतंय!”

कुणीतरी खोकलं. रत्नदीप लॅपटॉपमागे जमेल तेवढा लपला होता. फक्त कान दिसत होते.

“दोन अक्षरं माझी आहेत,” ती त्याला ऐकू जाईल एवढंच म्हणाली. “प्रश्नचिन्ह कुणाचं?”

“माझं,” तो म्हणाला. “विचारल्याशिवाय नाव लिहायचं नाही म्हणालात.”

“आणि उत्तर द्यायचं कसं?”

“बटणं आहेत. फुली आहे. बरोबरची खूण आहे. एवढे दिवस त्यांना काही कामच दिलं नव्हतं... आज दिलंय. चालतात की नाही, दाबल्याशिवाय कळणार नाही.”

ती वाकली. बोट आधी फुलीवर गेलं. लॅपटॉपमागचा श्वास थांबलेला तिला ऐकू आला. बीप हुकावी तसा. तिनं बोट तिथे जरा जास्तच वेळ ठेवलं. मग ते सरकवलं, आणि बरोबरच्या खुणेवर दाबलं.

स्क्रीन एकदा लुकलुकली. नाव तसंच राहिलं, चहा तसाच राहिला.

प्रश्नचिन्ह गेलं.