लीव्हनने न काढलेला स्वार

लीव्हन आईच्या मातीला लायडनला निघाला, तेव्हा त्याने आपला तांब्याचा पत्रा गोव्हर्टच्या हातात दिला.

"एवढा तेजाबात घाल. पाव तास, जास्त नको. तुझ्याइतका भरवसा दुसऱ्या कुणावर नाही रे."

हार्लेमच्या त्या माडीवर दोघे बारा वर्षं शेजारी बसून चित्रं कोरत होते. पत्र्यावरच्या मेणात लीव्हनने सुईने घोडदळाची लढाई काढली होती; तेजाबाने तेवढ्याच रेषा तांब्यात खोल जायच्या. उधळलेली घोडी, धूर, उगारलेल्या तलवारी. तरुणपणी तो घोडदळात होता. गोव्हर्टने लढाई कधी पाहिली नव्हती. त्याचे घोडे उभ्या उभ्या झोपलेत, असं गिऱ्हाइकं हसत म्हणायची.

गोव्हर्टने पत्रा तेजाबात सोडला. पाव तास झाला. तो खिडकीपाशी जाऊन कालव्यावरचं धुकं बघत राहिला. रेषा एकमेकींत विरघळू देत, सगळं काळं होऊ दे... तासाभराने तेजाबाचा उग्र वास पालटला. ओल्या घोड्यांचा, घामेजल्या कातड्याचा वास माडीभर पसरला. त्याने घाबरून पत्रा बाहेर काढला.

तिसऱ्या दिवशी दुपारी लीव्हन परतला. दोघांनी पहिला कागद छापला. चित्र जराही बिघडलं नव्हतं. धूर तर आता खराच वाटत होता. लीव्हन मात्र एका कोपऱ्याकडे टक लावून बघत होता.

"हा घोड्याखाली पडलेला... तू काढलास?"

"मी हात लावला नाही."

"हा टाइस. आमच्या तुकडीतला." लीव्हनने त्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "असाच अडकला होता. मला हाका मारत होता... मी वळलो नाही. म्हणून तर याला चित्रात घेतला नव्हता."

गोव्हर्टने शाईचा बोळा पत्र्यावर जोराने दाबला. नासवायला गेलो, तरी याचंच चित्र उजळलं. त्याने दुसरा कागद छापला. त्यात टाइस गुडघ्यावर उठला होता. तिसऱ्यात ती जागा कोरी होती.

जिन्यावर स्वाराच्या बुटांच्या, घोड्याला टोचायच्या आऱ्या खुळखुळल्या. दार उघडलं नाही. घोड्यांचा तो वास गोव्हर्टला घासून पुढे गेला, क्षणभरही न थांबता.

"आलास?" लीव्हन मागे न बघता पुटपुटला.

त्याच्या खांद्यावरचा कोट हळूहळू दबला. जणू कुणी चार बोटं रोवली.

गोव्हर्ट मागे सरकत भिंतीला टेकला. तरी भीतीच्याही तळातून तेच जुनं, कडू काहीतरी वर आलं. तासभर तेजाबात पत्रा ठेवला तो मी. मग हा टाइस माझ्याकडे नुसता बघतही कसा नाही?

कोटावरचे ते चार खळगे आता ओले होत चालले होते.