आवडतोस… जरा

ओढ्याच्या मधोमध त्याची गाडी बंद पडली होती. पाणी थेट सीटला टेकलेलं. मी ट्रॅक्टर थांबवून काठावरून विचारलं, "जरा ओलं झालंय का?"

"जरा?" तो ओरडला. "अगं, मासे शिरलेत आत!"

मी दोर फेकला… आणि मला हसू आवरेना.

हा सिरो. उरुग्वेहून इंग्लंडात, यॉर्कशरला मेंढ्यांची लोकर कातरायला आलेला, तोही आमच्याच शेतावर. मी हेटी. याच दरीत जन्मले, 'जरा'वरच वाढले. आमच्याकडे पाय मोडला तर 'जरा दुखतंय', छप्पर उडालं तर 'जरा वारा आहे'. बाबा तर आईलाही 'बरी आहेस'च्या पुढे कधी काही म्हणाले नाहीत. त्याहून जास्त बोललं की लोक विचारतात, ताप आलाय का?

सिरो मात्र माझ्या साध्या चहालाही स्वर्ग म्हणायचा.

"हेटी, तुझे डोळे म्हणजे…"

"मेंढी सुटतेय बघ तुझी!" मी म्हणायचे, आणि कानापर्यंत लाल व्हायचे.

हंगाम संपला. शेवटच्या दुपारी ओल्या लोकरीच्या वासात त्यानं कातरायचं यंत्र बंद केलं.

"तुझे बाबा मला वर्षभर ठेवायला तयार आहेत. राहू की जाऊ? तू सांग. आवडतो मी तुला?"

सगळा जीव गोळा करून मी म्हणाले, "आवडतोस… जरा."

त्याचा चेहरा उतरला. "जरासाठी कोण राहणार इथं?" म्हणाला आणि सामान बांधायला गेला.

मूर्ख मी! आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य बोलले होते, आणि त्याला ते चिमूटभर वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बसथांब्यावर अर्धी दरी जमलेली, बाबाही होते. सिरोचा एक पाय बसच्या पायरीवर.

"सिरो!" मी किंचाळले. "मला तू खूप आवडतोस! खूप! भयंकर! जाऊ नकोस!"

पोस्टातल्या बाईंच्या हातून अंडी पडली. बाबांनी टोपी सारखी केली.

"जरा मोठ्यानं बोललीस, हेटी," ते म्हणाले. पण डोळे पुसत होते.

सिरोनं बॅग चिखलात टाकली, भर पावसात माझे हात धरले.

"मलाही आवडतेस," तो हळूच म्हणाला, "…जरा."

मी रडत, हसत त्याच्या गळ्यात पडले. इतकं मोठं मला कुणीच कधी म्हणालं नव्हतं.